त्र्याऐंशी खरी उत्तरं

माझ्या भावाबद्दल मला एकूण चौऱ्याऐंशी प्रश्न विचारले गेले. त्यातल्या त्र्याऐंशींची उत्तरं मी खरी दिली. एवढ्या गुणांवर कुठलीही परीक्षा पास होता येतं, पण ही परीक्षा तसली नव्हती.

प्रश्न विचारायला निलोफर मुजावर आली होती. आमच्या नगरपालिकेच्या अग्निशमन दलातली, तिशीची, खाकी पँटमधली पोरगी. पायांतले मणभर वजनाचे बूट तिनं उंबऱ्याबाहेर काढून ठेवले, तिथंच ती मला आवडली. आग नसेल तेव्हा दलातल्या लोकांनी रिकामं बसायचं नाही, घरोघरी जाऊन खूणपत्रं भरायची, असा वरून हुकूम होता. ज्या घरात न दिसणारं, न ऐकू येणारं, न चालता येणारं किंवा आमच्या भरतेशसारखं माणूस असेल, त्या घराचं एक खूणपत्र.

"अक्का, प्रश्न लई हाईत. येळ लागंल बघा."

"विचार. मला कुठं जायचंय?" मी म्हणाले. खरंच कुठं जायचं नव्हतं. बत्तीस वर्षांत कुठं जायचं नव्हतं.

मी पद्मजा मगदूम. वय छप्पन्न. ब्लाउज शिवते. बेदाण्याच्या व्यापारावर चालणारं आमचं तालुक्याचं गाव आहे, आणि माझ्या हातचा ब्लाउज अंगावर चढला नाही अशी बाई इथं शोधून सापडायची नाही. भरतेश माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. अंगापिंडानं बाबांसारखा आडवातिडवा, डोक्याचे केस पांढरे, आणि बोलणं दिवसाला पंधरा-वीस शब्द. त्याला समजतं पुष्कळ, पण सगळं आपल्या क्रमानं झालं पाहिजे. क्रम मोडला की तो कानांवर हात दाबून ओरडतो, आणि मग दोन तास माझ्या नाकी नऊ येतात. आई गेली, बाबा गेले, आणि तो माझ्या वाट्याला आला. की मी त्याच्या वाट्याला आले, कुणास ठाऊक.

निलोफर विचारत होती, मी सांगत होते. हात धरलेला चालत नाही, बाही धरलेली चालते. उजवीकडून कुणी आलेलं चालत नाही. तोंडावर काही बांधलं की ओढून काढतो. ओला टॉवेल मात्र स्वतः धरतो, उन्हाळ्यात तशी सवय आहे. नावानं हाक मारायची, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मगच दार उघडायचं. एकदम कुणी आत आलं की बिथरतो. हे सगळं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. सांगता सांगता मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचाच राग आला.

"एक्केचाळीस," निलोफर म्हणाली. "घरात परकं माणूस आलं की ही व्यक्ती काय करते?"

भरतू माझ्या शेजारी बसला होता. बसला होता म्हणजे, ती यायच्या आधीपासून मी त्याची बाही घट्ट धरून बसवला होता. तो सारखा मागच्या खोलीकडे बघत होता.

"काही नाही," मी म्हणाले. "बसतो. नमस्कार करतो. चहा घेतो."

"सारखं आत का बघायलेत?"

"भूक लागली असेल."

तिनं ते लिहून घेतलं.

मग तिनं छातीवरच्या पट्ट्याला अडकवलेला डबा दाखवला. साबणाच्या वडीएवढा असेल. त्यातून रेडिओच्या अगदी मंद लहरी निघतात. विटांची भिंत, लाकडी दार, गाद्या, चादरी यांतून त्या पार जातात आणि माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती जरा पुढे येते, सोडताना मागे जाते, हृदयाच्या ठोक्यानं केसभर हलते. तेवढ्यानंही परत येणाऱ्या लहरीत फरक पडतो, आणि डबा तो फरक हेरतो. फिरता पंखा, हलता पडदा, झोपलेलं कुत्रं यांची हालचाल निराळी असते; ती गाळून टाकली की माणूस उरतो. शिवाय प्रत्येकाच्या श्वासाची आणि चालण्याची एक धाटणी असते. ती एकदा नोंदली की पुढच्या वेळी डबा भिंतीबाहेरूनच माणूस ओळखतो, आणि जवानाच्या कानात सांगतो की आत कोण आहे आणि त्याच्याशी कसं वागायचं.

भरतूनं हॉल ते स्वयंपाकघर दहा फेऱ्या मारल्या. मग निलोफर बूट घालून बोळात गेली आणि दार लावून घेतलं. डब्याचा आवाज तिनं मला ऐकू यावा म्हणून मोठा केला होता. "आत दोन माणसं. एक बाई. दुसरे भरतेश मगदूम, बसलेले. डावीकडून जा. हात धरू नका, बाही धरा."

कुणी तरी भिंतीपलीकडे उभं आहे, आणि मी न दाखवता त्याला ठाऊक आहे की माझ्या घरात भरतू आहे. 

"कशानंच अडत नाही का हे?" ती आत आल्यावर मी विचारलं.

"पत्र्यानं अडतंय. लोखंड, पत्रा मधी आला की लहर माघारी फिरती. बारीक भोकं असली तरी त्यातनं आत शिरत न्हाई. म्हणून पत्र्याच्या शेडात आम्हाला सोता शिरून बघावं लागतंय." ती हसली. "पर तुमचं घर इटांचं हाय. काळजी न्हाई."

मी चहा टाकायला उठले.

आता मागच्या खोलीतल्या कोठीबद्दल सांगायला हवं.

मी चोवीस वर्षांची होते. मला बघायला पहिले पाहुणे येणार होते. भरतू तेव्हा सतरा वर्षांचा. मागच्या खोलीत धान्याची पत्र्याची कोठी होती, पुरुषभर उंच. शेत विकल्यापासून ती रिकामीच होती. बाबांनी ती आडवी केली, तोंड भिंतीकडे, माणूस सरकून जाईल एवढी फट ठेवून. आईनं आत वाकळ अंथरली. झाकणाला आतल्या बाजूनं दोरी बांधली. तळाला बाबांनी खिळा ठोकून भोकं पाडली, श्वासासाठी. ती अकरा होती. मी मोजली होती.

मग आठवडाभर तालीम. दार वाजलं, "पाहुणे आले" म्हटलं, की आत जायचं, झाकण ओढून घ्यायचं, आवाज करायचा नाही. पाहुणे बाहेर पडले, दाराला कडी लागली आणि मी "गेले पाहुणे" म्हटलं की बाहेर यायचं आणि लिमलेटची गोळी घ्यायची. तिसऱ्या दिवशी त्याला ते पाठ झालं. शाळेतल्या मास्तरांनी त्याच्यापुढं हात टेकले होते, पण हे तो शिकला, कारण शिकवणारी मी होते.

सात-आठ स्थळं आली, पोहे खाऊन गेली. त्यांना कुठून तरी कळायचंच. पुढं मला बघायला येणारं कुणी उरलं नाही, आणि मी शिवणकाम सुरू केलं. मग गिऱ्हाइकं यायला लागली. "पाहुणे आले" असं म्हणायचीही गरज राहिली नाही, दार वाजलं की तो आपला उठायचा. सणासुदीला दिवसाकाठी वीस-वीस बायका. कधी तीन तीन तास तो आतच. त्याला आत बरं वाटतं, शांत वाटतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं काय ते सांगते. मला त्याची लाज वाटत होती. मोठमोठ्यानं हसत तो बायकांसमोर येईल, कुणाच्या पदराला हात लावील, आणि त्या घरी जाऊन मगदुमांच्या घरी काय बघितलं ते सांगतील, याची लाज.

खूणपत्राचा हिरवा बिल्ला दारावर लागला. निलोफर म्हणाली, "आता कुलूप नगा लावू, भायेरनं नुसती कडी. काय बी झालं तर आम्ही हाय. जरा बिनघोर फिरून या कुठं तरी."

कुठं जायचं ते मला सुचेना. शेवटी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नगर वाचनालयात गेले. महिलांच्या विभागात पंख्याखाली एक वेताची खुर्ची होती. तिच्यात बसले, मासिक उघडलं, आणि डोळे उघडले तेव्हा चार वाजले होते. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "घोरत नाही तोवर माझी काही हरकत नाही." तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार मी वाचनालयात झोपायला लागले. एक अक्षर वाचलं नाही. बत्तीस वर्षांची झोप होती, पुरवून पुरवून घेत होते. माझ्या जागी आता कुणी तरी जागं आहे, हे ज्याला कधी मिळालं नाही त्यालाच कळेल.

मी जरा बरी वागायला लागले. भरतूवर ओरडणं कमी झालं. संध्याकाळी दोघं गच्चीत बसून शेंगा खायचो. तो शेंगा फोडून दाणे माझ्या ओंजळीत टाकायचा, एक मला, एक त्याला, कधी चुकायचा नाही.

दोन-तीनदा मात्र असं झालं, की मी चारला परत आले आणि भरतू कोठीत होता. कुणी कुरियरवाला दार वाजवून गेला असणार, आणि "गेले पाहुणे" म्हणायला मी घरात नव्हते. तो किती वेळ आत होता ते कळायला मार्ग नाही. मी कडी लावली, "गेले पाहुणे" म्हटलं, गोळी दिली. त्याचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. खूणपत्र दुरुस्त करता येत होतं, फोनवर एक बटण होतं. चार वेळा मी एक्केचाळिसावा प्रश्न उघडून बसले आणि चारही वेळा बंद केला. काय लिहू? आम्ही याला कोठीत ठेवतो? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाचनालयात गेले. दमलेल्या माणसाचं मन फार निबर होतं.

फाल्गुनात बेदाण्याचा हंगाम सुरू झाला. आमच्या गल्लीच्या मागं एक शीतगृह आहे, तिथं बेदाणा ठेवतात. ते गार ठेवायला अमोनिया वायू लागतो. त्या दिवशी दुपारी तिथली एक नळी फुटली.

मला भोंग्यानं जाग आली. त्यापाठोपाठ फोन थरथरला. "मगदूम यांचे घर तपासले. घरात कोणी नाही." वाचनालयात माझ्यासारखेच संदेश आलेल्या दोघी-तिघी होत्या, त्यांनी हुश्श केलं.  भरतू पत्र्याच्या आड असला तरी तो डबा घरात कोणी नाही असंच म्हणणार, हे मला एकटीला ठाऊक होतं.

तरी मी आधी शाळेत गेले. लोकांना शाळेत नेत होते. कुणी तरी त्याला बाहेर काढलं असेल, तो तिथं बसला असेल, अशी आशा धरली. सत्य सांगण्यापेक्षा ती आशा सोपी होती. वर्ग पाहिले, हॉल पाहिला, पाण्याची टाकी पाहिली. त्यात दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं मी स्वतःला माफ करणार नाही.

मग चौकात आले. तिथं दोरी बांधून रस्ता अडवला होता. वास इथवर येत होता, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होत होतं. बायका पदर भिजवून नाकाला लावून उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या विमल वहिनी होत्या, माझी चार-पाच गिऱ्हाइकं होती. निलोफर गाडीच्या पायरीवर बसून पाठीवरची हवेची टाकी बदलून घेत होती.

"निलोफर, भरतू घरात आहे."

"न्हाई अक्का. मी सोता गेलते. हाक मारली, धा आकडे मोजले, तुम्ही सांगितल्यागत. मग दार उघडलं, तवा डबा लावला. कडी भायेरनं तशीच होती. डब्यात एक बी श्वास न्हाई, म्हटलं तुम्ही संगट नेलं असणार."

दहा आकडे. मीच सांगितले होते. ती दार ढकलून एकदम आत शिरली असती तर तो तिला हॉलमध्ये सापडला असता. तिनं शहाण्यासारखे दहा आकडे मोजले, आणि तेवढ्यात तो आत सरकला.

"मागच्या खोलीत कोठी आहे," मी म्हणाले. "पत्र्याची. आडवी."

"धान्याची?"

"धान्य नाही त्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. दोरीपाशी उभ्या सगळ्याच बघत होत्या. एक वेळ अशी होती, की हे बोलण्यापेक्षा मी मेलेली परवडले असते. पण मरणारी मी नव्हते.

"परकं माणूस आलं की तो त्यात जाऊन लपतो. आवाज करत नाही. मी शिकवलंय त्याला. तो एक्केचाळिसावा प्रश्न, त्याचं उत्तर मी खोटं दिलं होतं."

 निलोफर मला रागावली असती तर बरं झालं असतं. टाकीचे पट्टे ओढत तिनं एवढंच विचारलं, "किती येळ आत ऱ्हातील?"

"मी सांगेपर्यंत."

"आन् तुमच्याबिगर?"

"नाही येणार."

तिनं बोलायचं-ऐकायचं एक जादा यंत्र माझ्या कानात घातलं आणि एका जवानाला घेऊन धुरकट बोळात पळत गेली.

विमल वहिनी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "पद्मा, आम्हास्नी म्हाईत होतं गं."

"काय माहीत होतं?"

"कोठीचं. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. मगाशी ती पोरगी आमच्या म्होरनंच गेली. सांगावं असं मनात आलं, पर म्हटलं, तुझ्या घरातली गोष्ट. तुला आवडायचं न्हाई."

माझ्या तोंडात कुणी मारावी तसं झालं. मग मला आठवत गेलं. मापं देताना या बायका उगीचच मोठ्यानं बोलायच्या. मागच्या खोलीतून पत्रा वाजला की कुणी तरी बांगड्या खळखळवायची, कुणी तरी हसायची. मला वाटायचं, किती वाचाळ. त्या मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आवाज करत होत्या. बत्तीस वर्षं मी त्यांच्यापासून त्याला लपवत होते, आणि बत्तीस वर्षं त्या मी लपवतेय हे लपवत होत्या. आणि त्या सगळ्या सभ्यपणाखाली तो एकटा अंधारात बसला होता.

मला वहिनींचा गळा धरावासा वाटला. मग वाटलं, माझाच धरावा. एवढ्यात कानात निलोफरचा आवाज आला.

"कोठी घावली. झाकण आतनं ओढून धरलंय. वास लई हाय हितं. ताकद लावून ओढू?"

"ओढू नको! दोरी सोडायचा नाही तो. ओरडायला लागेल, आणि ओरडताना छाती भरून वास ओढेल. आत हवा बरी असेल अजून. निलोफर, ऐक. तुम्ही दोघं बाहेर जा."

"काय?"

"मोरीतला टॉवेल भिजवून कोठीच्या तोंडाशी ठेव. तुझा डबा कोठीवर ठेव, माझा आवाज त्यातून येऊ दे. मग बूट वाजवत बाहेर जा, दार लाव, कडी वाजव. बोळातून चालत गेल्याचं त्याला ऐकू आलं पाहिजे."

 तिच्या मुखवट्यातला श्वास मला ऐकू येत होता. "अक्का, माणूस आत टाकून आम्ही भायेर जायचं? आम्हास्नी असं शिकवल्यालं न्हाई."

"त्याला हेच शिकवलेलं आहे."

नळ वाहिल्याचा आवाज आला. मग डबा पत्र्यावर ठेवल्याचा. मग बूट, जाणारे, लांब लांब. दार. कडी.

आता माझं वाक्य राहिलं होतं. बत्तीस वर्षांत हे वाक्य मी त्याला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. बाकी पुष्कळ खोटं बोलले असेन, हे नाही. म्हणून तर त्याचा त्या वाक्यावर विश्वास होता.

"भरतू," मी म्हणाले, "गेले पाहुणे."

पत्रा वाजला नाही. चौकातला भोंगा वाजत होता. विमल वहिनींनी माझा हात धरला, मी तो धरू दिला.

"गेले पाहुणे रे. टॉवेल घे तोंडाला. ये."

पत्रा वाजला. किंचित, मग जोरात. आणि माझ्या कानात, एका परक्या, शांत बाईच्या आवाजात, माझीच उत्तरं मला ऐकू आली. "आत एक माणूस. भरतेश मगदूम. श्वास अडखळत आहे. डावीकडून जा. हात धरू नका, बाही धरा."

मी रस्त्यावर खाली बसले.

शाळेत नेल्यावर डॉक्टरांनी त्याचे डोळे धुतले, नळीतून हवा दिली. त्यानं ती दोनदा ओढून टाकली आणि तिसऱ्यांदा राहू दिली. छातीत थोडं गेलंय, रात्रभर लक्ष ठेवू, म्हणाले. दोन-चार दिवसांत उतरेल. मी आत गेले तेव्हा तो हॉलच्या कोपऱ्यात होता. भिंतीला टेकवून ठेवलेला एक जुना फळा त्यानं शोधला होता, आणि त्याच्यामागं तो उकिडवा बसला होता. हॉलमध्ये तीनेकशे माणसं होती. एवढे पाहुणे त्यानं जन्मात पाहिले नव्हते.

मी त्याच्या डाव्या बाजूला बसले. त्याचे डोळे लाल, पापण्या सुजलेल्या.

"पाहुणे गेले नव्हते, अक्का," तो म्हणाला.

"हो. मी खोटं बोलले."

 मग तो बाजूला पाहत, हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मी खोकलो नाही."

"काय?"

"खोकला आला. गिळला." आणि त्यानं हात पुढं केला, तळवा वर करून.

दोरीचा वळ त्या तळव्यावर उमटला होता. गोळी माझ्या पर्समध्ये होती, बत्तीस वर्षं असतेच. मी ती काढली नाही. त्यानं एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

निलोफर आली. मुखवट्याची कड गालावर रुतली होती, केस घामानं चिकटले होते. ती माझ्यावर चिडलेली होती, आणि ते लपवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. फोन पुढं करून म्हणाली, "एक्केचाळीस दुरुस्त कराय पायजे, अक्का. आत्ताच. काय लिहू?"

"आज खरं आहे ते लिही. लपतो, आवाज करत नाही. उद्यापासून बदलायचं आहे, तेव्हा पुन्हा ये."

मग मी भरतूची बाही धरली आणि त्याला उठवलं. फळ्यामागून बाहेर यायला त्याला वेळ लागला. माणसांमधून, पथाऱ्यांमधून, चहाच्या पेल्यांमधून वाट काढत मी त्याला हॉलच्या मधोमध घेऊन गेले. लोक सरकून जागा देत होते. माझी गिऱ्हाइकं बघत होती, विमल वहिनी बघत होत्या. आम्ही खाली बसलो. तो अंग चोरून माझ्या मागं सरकायला लागला.

"पाहुणे आहेत," तो कुजबुजला.

"आहेत. असू देत."

त्याच्या छातीत काही तरी दाटून आलं. मला ते माहीत होतं, त्याच्या श्वासाची धाटणी मला कुठल्याही डब्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यानं ओठ घट्ट मिटले, दोन्ही हात तोंडावर दाबले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी बाही धरून त्याचे हात खाली घेतले.

"खोक," मी म्हणाले.

त्यानं हात पुन्हा तोंडाकडे नेले.

"खोक रे भरतू. मोठ्यानं."

तो खोकला. आधी घाबरत, मग छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं, थांबता थांबेना इतका. हॉलमधल्या माणसांनी वळून पाहिलं, आणि मग ती आपापल्या बोलण्याकडे वळली. खोकला संपला तेव्हा तो दमून गेला होता. मी पर्स उघडली आणि गोळी त्याच्या हातावर ठेवली.